मला काही घाई नाही

अजैब पाजी जेवायला बसले की आमच्या ढाब्यावरचे बाकीचे ड्रायव्हर आपापली ताटं उचलून त्यांच्या टेबलापाशी यायचे. गंमत बघायला. पाजी फोन स्पीकरवर टाकायचे. ट्रकवाल्यांना माल मिळवून देणारा शिकागोचा कुठला तरी ब्रोकर तिकडून विचारायचा, "गाडी कुठं आहे? कुठल्या बाजूला जायचंय?" आणि पाजी डाळीत रोटी बुडवत म्हणायचे, "कुठंही चालेल. मला काही घाई नाही. इथं ओक्लाहोमात चहा चांगला मिळतो."

घाई त्यांना कायम असायची. घर कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला, इथून अडीच दिवसांवर, आणि त्यांच्या बायकोचा, मिंदो भाभीचा, फोन आला नाही असा दिवस जायचा नाही. पण ब्रोकरला ते कळू द्यायचं नाही. घरी जायचंय म्हटलं की हा माणूस रिकामी गाडी नेण्यापेक्षा पडेल त्या भाड्यात माल नेणार, हे तो ओळखतो आणि तिथंच पिळतो. नव्या पोरांना पाजी आधी हे शिकवायचे, ट्रक रिव्हर्स घ्यायला नंतर. माझ्या नवऱ्याला, बलकारला, त्यांनीच तयार केलं. मलासुद्धा. कारण गाडी बलकार चालवतो, पण ब्रोकरांशी फोनवर भांडते मी, एका हातानं रोट्या शेकत. "निंदर," पाजी म्हणायचे, "नवरा कुठं आहे ते खुशाल सांग. त्याचं घर कुठं ते सांगू नकोस."

पुढं भाडी पडली. करोनात ब्रोकर पाया पडत होते, तेव्हा ज्यानं त्यानं कर्ज काढून ट्रक घेतले. मग माल आटला, ट्रक तेवढेच राहिले. मैलामागं दोन डॉलर मिळाले नाहीत तर डिझेल, हप्ता आणि विमा भागवून हातात काही उरत नाही, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. हे मेले ब्रोकर दीड सांगायचे आणि वर ऐकवायचे, "घ्यायचं तर घे, तुझ्यामागं रांग लागलीय." माझ्या डोक्यात तिडीक जायची. पाजी शांतपणे फोन ठेवायचे, म्हणायचे, "बसू दे त्याला माल घेऊन. मी बसतोच आहे."

असेच ते त्या सोमवारी दुपारी बसले होते, पण ताटाला हात लावत नव्हते. मिंदो भाभीच्या डोक्यातली एक शीर फुगली होती आणि गुरुवारी सकाळी ऑपरेशन ठरलं होतं. स्पीकरवर भाभीचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. "अहो, तुम्ही आल्याशिवाय मी आत जायची नाही. मला तुम्हाला एक सांगायचंय, आणि ते फोनवर नाही सांगणार."

मी म्हटलं, "पाजी, विमानानं जा. ट्रक राहू दे इथं."

"आणि हप्ता तुझा ढाबा भरणार?" ते म्हणाले. "तिच्यापाशी महिनाभर बसायचं तर ट्रक घरी पाहिजे, जवळपासची तरी भाडी मारता येतील. बुधवारी पोचतो की मी."

रिकामी गाडी न्यायला डिझेलच्या कार्डावर काही शिल्लक नव्हतं. भाडं हवंच होतं. ब्रोकर फोनवरच्या ज्या बोर्डावर माल आणि दर टाकतात, तिथं टायरांचा माल दिसत होता, इथून थेट फ्रेस्नो, मैलाला दोन डॉलर दहा सेंट. पाजींनी फोन लावला.

"लव बोलतोय," तिकडून आवाज आला. आणि लगेच, "चाचाजी? अहो, मी लवली!"

हा लवली म्हणजे लवप्रीत. दोन वर्षं पाजींच्याच ट्रकमध्ये जोडीदार ड्रायव्हर होता. मिंदो भाभी दर फेरीला त्याच्यासाठी वेगळे पराठे बांधून द्यायची, त्याला कांदा चालत नाही म्हणून. मग तो ब्रोकरच्या ऑफिसात गेला, केस कापले, गोऱ्यांसाठी लव झाला. पण त्या दिवशी अस्सल पंजाबीत, तोंडात खडीसाखर असल्यासारखं त्यानं विचारलं, "चाची कशी आहे?"

आणि पाजींनी सगळं सांगितलं. शीर, ऑपरेशन, गुरुवार, सगळं. मी तव्यामागून चिमट्यानं खुणा करत होते, गप्प बसा, अहो गप्प बसा! त्यांचं लक्षच नव्हतं. आजवर कुठल्या ब्रोकरनं आपल्या भाषेत चाची कशी आहे म्हणून विचारलं नव्हतं हो त्यांना.

"अरे रब्बा!" लवली म्हणाला. "तुम्ही अजिबात काळजी करू नका. एक मिनिट, मी बघतो." फोनवर गाणं वाजायला लागलं. गाणं थांबलं तेव्हा आवाज तोच होता, गोडवा तोच. "चाचाजी, मालवाली पार्टी भावात खाली आलीय. एक-चाळीस. माझ्या हातात काही नाही. तुमच्यासाठी म्हणून धरून ठेवलंय."

"लवली, बोर्डावर दोन-दहा आहे. मी बघतोय समोर."

"ते जुनं आहे, चाचाजी. तुम्हाला घरी जायचंय ना?"

पाजींनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "घेतो."

आणि स्वस्तात माल नेणाऱ्याला कोण किंमत देतो? गोदामवाल्यांनी त्यांना मंगळवारचा अख्खा दिवस दारात उभं केलं. लवली फोन उचलेना. गाडी भरली तेव्हा मध्यरात्र उलटली होती. पाजी निघाले ते कायद्यानं नेमून दिलेले तास ओलांडून, झोप न घेता चालवत राहिले. बुधवारी रात्री कॅलिफोर्नियात शिरता शिरता नीडल्सला, ट्रक तपासतात त्या वजनकाट्यावर, पोलिसांनी धरलं. किती तास चालवलं ते गाडीतलं मशीन सगळं सांगतं, तिथं खोटं चालत नाही. दहा तास गाडी जागची हलवायची नाही, असा हुकूम. पाजींनी हात जोडले, बायकोचं सांगितलं. पोलिसानं नकाराची मान हलवली आणि पुढच्या गाडीकडं गेला.

गुरुवारी सकाळी भाभीचा फोन आला. "आलात का? मला न्यायला आलेत."

पाजी त्या काट्याच्या आवारात उभे होते, फ्रेस्नोपासून अर्धा दिवस लांब. म्हणाले, "आलोय की. खाली पार्किंगमध्ये गाडी लावतोय. तू हो पुढं." भाभीनं विश्वास ठेवला आणि आत गेली. हे त्यांनीच मला पुढं सांगितलं, आणि सांगताना जे रडले ते ऐकून मी फोन बलकारच्या हातात दिला.

भाभी जगली. पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जे सांगायचं होतं ते आत राहिलं. आता ती बघते आणि आं आं करते.

ट्रक विकला. भाभीला उचलायला, भरवायला चोवीस तास माणूस लागतं, मग घरी बसून फोनवर होईल असंच काम हवं. ते कुणी दिलं? लवलीनं! मी ऐकलं तेव्हा लाटणं आपटलं. "लाज कशी वाटली नाही यांना? त्याच्याच दारात?"

"मग कुणाच्या दारात जायचं त्यांनी?" बलकार माझ्यावरच ओरडला. "तू जातेस भाभीला उचलायला?"

मी लाटणं उचललं. राग काही गेला नाही.

गेल्या महिन्यात बलकार फ्रेस्नोला माल उतरवून रिकामा उभा होता. मी बोर्डावर बघून बदामाच्या एका मालासाठी फोन लावला, थेट ओक्लाहोमा, एक-नव्वद.

"हां जी, बोला." आवाज ऐकला आणि माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला.

"पाजी? मी निंदर."

"निंदर!" ते हसले. पाठीमागं आं आं ऐकू आलं. "बघ, भाभीनं ओळखलं तुला. बलकार कसा आहे? कुठं आहे?"

"तुमच्याच गावात. बरा आहे. शनिवारी आमच्या नीतूचा शाळेचा शेवटचा समारंभ आहे, सर्टिफिकेट मिळणार स्टेजवर. वाट बघतेय बापाची, त्याच्या आत घरी..."

बोलून गेले. जीभ चावली. मग वाटलं, चावायची कशाला? पाजीच तर आहेत. ज्यांनी शिकवलं तेच.

पलीकडं नुसती की-बोर्डची टकटक.

"निंदर," पाजी म्हणाले, "पार्टी खाली आलीय. एक-पस्तीस."

"पाजी, बोर्डावर एक-नव्वद आहे."

"ते जुनं आहे." मग हळूच विचारलं, "त्याला घरी यायचंय ना?"

तव्यावरची रोटी करपत होती. मी म्हटलं, "घेते."