अजिंठ्याचं पाकीट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी सांगते.

आमच्या कॉलेजला एका सराफाच्या घरून जुन्या नाण्यांचा संग्रह देणगीत आला होता. प्रत्येक नाणं कागदी पाकिटात, पाकिटावर ते कुठं सापडलं त्याची टीप. नोंदवही अजून व्हायची होती, ते काम माझ्याकडं. आमचे विभागप्रमुख सर म्हणायचे, नाणं कुणी पाडलं ते नाण्यावर दिसतं. ते फिरत फिरत कुठवर आलं, ते फक्त पाकीट सांगतं.

सरांचं एकच म्हणणं — समुद्रावरून आलेलं परदेशी सोनं व्यापाऱ्यांबरोबर घाट चढून अजिंठ्यापर्यंत यायचं. पुरावा नव्हता. एका परिषदेत लोक त्यांना चक्क हसले. परत आले, तेव्हा त्यांनी डबासुद्धा उघडला नाही. माझा फार जीव होता हो त्यांच्यावर, वडिलांवर असतो तसा.

त्या दुपारी फोटोसाठी मी दोन नाणी बाहेर काढली. एक बायझंटाईन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन राजाचं सोन्याचं, गळ्यात ओवायला दोन भोकं पाडलेलं. पाकिटावर लिहिलेलं — सराफ्यातून विकत, मूळ ठिकाण माहीत नाही. दुसरं यादवांचं पद्मटंक, कमळाची छाप असलेलं, अजिंठ्याच्या एका शेतात सापडलेलं. देवगिरीच्या राजांचं नाणं आपल्याकडं सापडलं, त्यात नवल ते काय? परत ठेवताना पाकिटांची अदलाबदल झाली.

झाली? — नाही. मी केली. चांगली समजून उमजून.

सरांनी ते पाकीट वाचलं आणि खुर्चीत बसूनच राहिले. मग सगळ्या विभागाला इमरती वाटली. त्यांचा लेख आला, गाजला, आजही त्याचे दाखले देतात. सर गेले ते समाधानात. मी सांगू शकले असते ना? रोज त्यांच्यासमोर बसत होते. त्यांच्या मागेही कितीतरी वर्षं होती. नाही सांगितलं.

गेल्या महिन्यात अजिंठ्याची एक मुलगी एम.ए.ला आली. तिचा आजा आता नाही. त्याला सापडलेलं नाणं घरात कुणी धड पाहिलेलंही नाही. "मॅडम, आमच्या आज्याला वावरात घावलेलं नाणं ते हेच का? लई ऐकलंय त्याच्याबद्दल."

मी होकाराची मान हलवली. तिच्या आज्याचं नाणं शेजारच्या पाकिटात होतं.

तिनं ते भोकांचं नाणं तळहातावर घेतलं, कितीतरी वेळ पाहिलं. बापाला पाठवायला फोटो काढू लागली, तर तिचीच सावली पडत होती. मी उठले आणि खिडकीचा पडदा बाजूला केला.