भैरूला मरू देणार नाही

सोजरबाईनं दिराला वाचवलं असं हिंजवडीत कोणी कौतुकानं म्हणालं की तिला राग येतो. मलाही येतो. ती इस्पितळात दयेनं गेलीच नव्हती.

नवरा वारल्यावर दीर भैरूनं तिच्या वाट्याची जमीन बिल्डरला विकली आणि गावभर सांगितलं, "वहिनीनं राजीखुशीनं हक्क सोडला." त्या जमिनीवर आज काचेची इमारत आहे आणि सोजरबाई तिथंच फरशी पुसते. बायकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या आमच्या संघटनेकडं आली तेव्हा तिचं एकच मागणं होतं: "त्यानं कोर्टात, माझ्या डोळ्यांत बघून हेच परत बोलावं." खटला उभा राहिला, भैरूच्या साक्षीची तारीख लागली, आणि हा पठ्ठ्या रक्तात जंतू पसरून कोथरूडच्या इस्पितळात, अतिदक्षता विभागात आडवा.

सोजरबाई तिथं जाऊन बसली. आहारतज्ज्ञ पद्मजाताईंनी सगळ्यांना समजावलं, "रक्तदाब टिकावा म्हणून औषध चालू आहे. त्यानं शरीराची भट्टी जोरात पेटते, ताकद जास्त खर्च होते. पण त्याच औषधानं आतड्याकडचं रक्त कमी होतं. एकदम पोटभर अन्न दिलं तर आतडं सडू शकतं. सध्या नळीतून थोडंच. औषधाचं प्रमाण उतरलं की अन्न वाढवू."

भावकीला हे पटेना. आमच्याकडं माणूस पडला की घराघरातून डबा निघतो. नेला नाही तर नाक कापलं जातं. भैरूची बायको मैना पदराखाली थर्मास घेऊन आली. आत तूप घातलेलं बदामाचं दूध. आतल्या मावशींना पटवून नळीत ओतायचा बेत. सोजरबाईनं दारातच मनगट धरलं.

"सोडा, अक्का. ह्यांना उपाशी मारताय व्हय? सूड उगवताय?"

"सूडच हाय. म्हणून तर जगवायचाय. तू दुधानं मारलास तर कोर्टात मी कुणाला उभं करू?"

थर्मास हिसकावून ती बाकावर बसली आणि भावकीदेखत सगळं दूध पिऊन टाकलं. "माझ्या वाट्यातलं एवढंच मिळालं," म्हणाली.

पुढं औषध उतरत गेलं, नळीतलं अन्न वाढलं, भैरू शुद्धीवर आला. कोणीतरी त्याला हकीकत सांगितली. त्यानं हात जोडले. "वैनी, लई उपकार झाले."

"उपकार ऱ्हाऊ दे. जेव नीट. पायावर उभं ऱ्हाता आलं पायजे तुला."

तो काठी टेकत कोर्टात आला. वकिलांनी विचारलं, वहिनीनं हक्क राजीखुशीनं सोडला होता का? भैरूनं तिच्याकडं पाहिलं, मान खाली घातली. "न्हाई," पुटपुटला.

मागच्या बाकावरून सोजरबाई म्हणाली, "मोठ्यानं बोल. भावकी मागं बसलीय."