पाच खाटांचा जोगवा

धाराशिवच्या निराधार वृद्धांच्या आश्रमात मी चळवळीची पत्रकं वाटायला गेलो, तर मॅनेजर कौतुकानं म्हणाले, "बघा, किती शांत आहेत. भांडण नाही, तक्रार नाही." माणसं भिंतीकडं तोंड करून पडलेली, कुणी कुणाशी बोलत नाही, आणि याला हा गृहस्थ शांतता म्हणतो. माझं डोकंच फिरलं.

तामलवाडीकडची एक म्हातारी ताटाला शिवत नव्हती. गळ्यात कवड्यांची माळ होती, पण देवीची परडी मॅनेजरनं काढून कचेरीत ठेवली होती. मी जवळ जाऊन बसलो. तशी म्हणाली, "मंगळवारी-शुक्रवारी पाच घरं जोगवा मागितल्याबिगर घास कसा उतरंल, लेकरा? आता मी कुणाची कोण हाय?"

मॅनेजरला विचारलं.

"आश्रमात राहून भीक मागायची नाही. नियम आहे."

"जोगवा म्हणजे भीक? सावकाराची सूनसुद्धा परडी घेऊन पाच दारं फिरते. तिला हाकलता काय तुम्ही?"

देवीबिवी मी मानत नाही. पण माणसाला दोन वेळचं वाढायचं, त्याचं माणसांत जाणंच बंद करायचं आणि वर त्यानं उपकार मानावेत म्हणायचं, असल्या धर्मादायाची मला चीड आहे. म्हटलं, "फाटकाबाहेर नको तर नको. आतच मागू द्या. दळणातली मूठ-मूठ ज्वारी पाच जणांना द्या, ते वाढतील."

"म्हणजे निराधारांनी निराधारांना घालायचं?"

"का? त्यांना हात नाहीत?"

पुढचं पत्रक तुमच्यावरच, असं सांगितल्यावर कचेरीतनं परडी निघाली. एकदाच, असं बजावून.

शुक्रवारी म्हातारी उठली. चार खाटांवर ज्वारी मिळाली. पाचवी खाट एका आजोबांची. ते बोलतात हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

"थांब," ते म्हणाले. "बोडक्या डोक्यानं जोगवा वाढत्यात व्हय?"

गाठोड्यातनं पटका काढून गुंडाळत बसले. सगळं दालन उठून बघत होतं. मग मूठ परडीत रिकामी केली, पाया पडले.

त्या ज्वारीची भाकरी म्हातारीनं खाल्ली. अर्धी शेजारणीला दिली.

मंगळवारी मॅनेजर तिला आडवे आले. "एकदाच म्हणालो होतो."

आजोबा आचाऱ्याकडनं ज्वारी आणून, पटका बांधून बसलेच होते. "साहेब," ते म्हणाले, "दारात आलेली जोगव्याची बाई परत लावायची व्हय? तुमच्यात लावत असतील. आमच्यात न्हाय लावत."

म्हातारी मॅनेजरच्या कडेनं पुढं झाली आणि आजोबांच्या खाटेपुढं परडी धरून उभी राहिली.