साचे परत येणार होते

दम्मामच्या आमच्या कारखान्यात पाणी गार ठेवणारे प्लॅस्टिकचे जग बनायचे. असल्या उन्हाच्या देशात या धंद्याला मरण नाही, असं मी बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगायचो. माझं काम साच्यांचं. अवजड पोलादी साचे, त्यांची सफाई, पॉलिश, दुरुस्ती सगळी माझ्याकडे.

इराकने कुवेत घेतलं आणि आमच्या कफीलला, म्हणजे अरब मालकाला, धास्ती बसली. मशीन पुन्हा विकत मिळेल, पण साच्यांवर मिसाइल पडलं तर? म्हणून ते मलेशियात, त्याच्या ओळखीच्या कारखान्यात पाठवायचं ठरलं. ''लडाई खतम, मोल्ड वापस,'' आमचा हैदराबादी मॅनेजर म्हणाला. मीच त्यांना ग्रीस चोपडलं आणि तान्ह्या पोरासारखं गुंडाळून पेट्यांत भरलं.

''अहो, साचेच गेल्यावर तुम्हाला कशाला ठेवतील?'' बायकोने विचारलं.

''कारखान्यातलं तुला काय कळतं?'' मी खेकसलो.

सायरन वाजला की आम्ही खिडक्यांना टेप लावलेल्या खोलीत मुलीला मधे घेऊन बसायचो. शेजारची बिऱ्हाडं गावी निघून गेली. मी थांबलो. मिसाइलपेक्षा मला नोकरीची भीती जास्त होती. रोज जाऊन बंद मशीनं पुसायचो.

लढाई संपली. साचे काही येईनात. इकाम्याची, म्हणजे तिथं राहायच्या परवान्याची, मुदत सरत आली. विचारलं की मॅनेजर म्हणायचा, ''मोल्ड आने दो, नया बना देंगे.''

एका सकाळी मलेशियाहून कंटेनर आला. आम्ही पोरांसारखे धावलो. सील तोडलं तर आत नुसती पुठ्ठ्याची खोकी. त्यांत जग. आमचेच जग, तयार, कंपनीचं स्टिकरसुद्धा लावलेले.

मी एक उचलला. निदान झाकण तरी ढिलं निघावं, अशी वेडी आशा होती. फिरवून पाहिलं. चपखल बसलं. मला भर उन्हात रडू कोसळलं.

''खलास,'' मॅनेजर माझ्याकडे न बघता म्हणाला. ''उधर सस्ता पडता है. मोल्ड अब उधर ही रहेंगे.'' मग त्याने घड्याळ पाहिलं. ''यल्ला, गाडी खाली करो.''

आम्ही रांगेत उभे राहिलो आणि सगळा माल हातोहात गोदामात लावला. एकही खोकं पडू दिलं नाही.