मामंजींनी बुजवलेली खिडकी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवासमोर तर मुळीच नाही — तिथं जास्त भीती वाटते. आज तुम्हाला सांगते आहे, पण सांगतानाही सारखं दाराकडे लक्ष जातंय. कुणी ऐकलं तर? ऐकणारं कोण उरलंय आता! तरी बघते.

मी लग्न होऊन तंजावरला आले तेव्हा नवे पैसे नुकते चालू झाले होते. घर राजवाड्यामागच्या गल्लीच्या तोंडाशी, आणि आमच्या निजायच्या खोलीची खिडकी थेट मोठ्या रस्त्यावर. कुंभकोणच्या बसचा भोंगा, भाताच्या पोत्यांनी लादलेल्या बैलगाड्यांच्या लोखंडी धावांची करकर — बाळ झालं आणि मी रडकुंडीला आले. त्यानं डोळा मिटला की भों! पुन्हा किंचाळत उठायचं.

माझे सासरे, मामंजी, नुकते निवृत्त झालेले शाळामास्तर. "सूनबाई, त्या बसला मी बघतो," म्हणाले, जणू बस म्हणजे त्यांच्या वर्गातलं व्रात्य पोर. गिरणीवरून भाताचं तूस आणलं, गोणपाटाच्या चपट्या गाद्या शिवल्या, त्या खिडकीच्या चौकटीत ठोकून बसवल्या. फटींत चिंध्या कोंबून वर चिंचोक्याची खळ लावली. सुया टोचून बोटांची चाळण झाली, पण माझ्यापेक्षा आनंद त्यांनाच. त्यांना स्वतःला कमी ऐकू यायचं, मला विचारायचे, "बस गेली, कळलं का?" मी नाही म्हटलं की हसायचे.

त्यांचा जीव दोघांवर. एक नातू, आणि दुसरी कमळी. माझी धाकटी नणंद, शेंडेफळ, तेरा वर्षांची. बडबडी होती हो. सारखं "वैनी, ये की गे!"

सांगते. सांगायचंच आहे.

त्या दिवशी सगळी पापनाशमला लग्नाला गेली. कमळीला पाळी आलेली, म्हणून ती मागं राहिली. बाळ लहान, म्हणून मी. आमच्यात तेव्हा फार कडक. पुढं, आमच्या खिडकीखालून जाणाऱ्या ओट्याच्या — आम्ही तिण्णै म्हणतो — टोकाला एक छोटी खोली, तिथं तीन दिवस बसायचं. तिला कुणी शिवलं तर डोक्यावरून न्हायचं, लुगडं बदलायचं, मगच बाळाला घ्यायचं. काही लागलं तर तिनं हाक मारायची. दाराला मी आतून कडी घातली होती.

भर दुपार. बाळ नुकतं निजलेलं. आणि खिडकीशी हाक आली — "वैनी!"

ऐकू आली. हो, मला ऐकू आली. तुसानं बसचा आवाज कमी व्हायचा. पण खिडकीला तोंड लावून मारलेली हाक येत होती. मला वाटलं, ताक हवं असेल, नाहीतर गप्पा. आत्ता उठायचं, हिला शिवलं तर न्हायचं, तोवर बाळ जागं होणार... मी पडून राहिले. मनात म्हटलं, ऐकू आलं नाही म्हणू. खिडकी बुजवलीय ना? पुन्हा हाक आली. "वैनी, ये की गे, पाय—" पाय म्हणाली. तेही ऐकलं मी. मला वाटलं, त्या दिवसांत पाय दुखतातच. मग ती गप्प झाली आणि मला बरं वाटलं. बरं वाटलं मला!

उन्हं कलल्यावर दार उघडलं. ती खिडकीखाली ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती; रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, पोर पेंगतेय. शुद्ध नव्हती. पाय काळानिळा, सुजलेला मांडीपर्यंत. साप चावला होता. शेजारच्या दारी गेली नव्हती — विटाळात दुसऱ्याच्या दाराशी जायचं नाही, हे पोरीला पक्कं शिकवलेलं. मी ओरडले, माणसं धावली, गाडीत घातलं. इस्पितळाच्या दारातच संपलं सगळं.

"तुला ऐकू नाही आलं?" सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, "खिडकी..." एवढंच. पुढचं त्यांनीच पुरं केलं. "तुमच्या हौसेनं माझी पोर गेली," असं त्या मामंजींना सगळ्यांदेखत म्हणाल्या. मामंजींनी उठून त्या गाद्या हातांनी ओरबाडून काढल्या. खोलीभर तूस झालं.

मला कुणी बोललं नाही. पण चोराच्या मनात चांदणं! समोरच्या घरातून कुणी हाक ऐकली असेल का? वाटेत शुद्धीवर येऊन ती गाडीवाल्याला काही बोलली असेल का? दारात कुणी उभं राहिलं की मी बाळाला घेऊन आत जायची.

आणि काही दिवसांनी मामंजी पुन्हा गोणपाट घेऊन शिवायला बसले. "सूनबाई, मला एकदा कळू दे," म्हणाले. "मी बाहेरून हाक मारतो, तू आत बस. ऐकू आलं, तर पोर हाक मारण्याआधीच बेशुद्ध पडली, असं मी समजेन. मग माझ्या खिडकीचा दोष नाही."

केवढं सोपं होतं! एक "हो" म्हणायचं होतं.

गाद्या ठोकल्या. ते बाहेर गेले. मी बाळाला उराशी धरून बसले. आणि त्या म्हाताऱ्यानं लेकीसारखीच हाक मारली — "वैनी! ये की गे!" शब्दन्‌शब्द कळला. माझी पाचावर धारण बसली. आज हो म्हटलं, तर उद्या ते विचारतील, मग तिनं हाक मारली असेल तर? तेव्हा तू कुठं होतीस?

ते आत आले. माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. "आलं ऐकू?"

मी म्हटलं, "नाही, मामंजी."

त्यांनी मान हलवली. "मग मीच," म्हणाले, आणि पक्कड घेऊन खिळे काढायला लागले.

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. रोज दोन्ही वेळा मीच त्यांना वाढत होते, आणि एकदाही सांगितलं नाही.