चार दिवसांची कोकरं

जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं मलमपट्टी केल्यावर लोक दादांना 'अर्धे डॉक्टर' म्हणू लागले. उरलेलं अर्धं ते आवाजाच्या जोरावर भरून काढत. गाय आणि मेंढ्या एका गोठ्यात बांधणाऱ्याला तर ते असे झापत, की बिचारा आधी दावं सोडायला धावे. मेंढीच्या अंगात एक विषाणू जन्मभर सुखाने नांदतो, तिला साधी शिंकही येत नाही. पण तोच गाईला लागला की गाय हातची गेली, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच सहा कोकरं पाळली. हौसेला मोल नसतं. ती चांगली वाढीला लागली आणि वाऱ्याने त्यांच्या छपराचे पत्रे उडाले. मग सहाही कोकरं त्यांनी धाकट्या बहिणीच्या गोठ्यात नेऊन बांधली. बहीण विधवा, तिची एकच गाय, त्या दुधावर घर चालायचं. 'चार दिवसांचा तर प्रश्न,' त्यांनी मनाला समजावलं. चार दिवसांचे तीन आठवडे झाले, मग कुठे कोकरं घरी परतली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

दोन महिन्यांनी गाय तापाने फणफणली. नाकपुड्यांवर खपल्या धरल्या, डोळ्यांवर निळसर पडदा आला. दवाखान्यात नवे डॉक्टर रुजू व्हायचे होते, तोवर गाव अर्ध्या डॉक्टरांवरच भागवत होतं. दादांनी ते डोळे पाहिले आणि हा मेंढ्यांकडूनच आलेला रोग, हे ओळखलं. पाचव्या दिवशी गाय गेली. कोकरं मात्र खुशाल उड्या मारत होती.

"दादा, वैरणीला थोडी बुरशी होती," बहीण म्हणाली. "मी झटकून घातली. त्यानेच गेली का रे?"

"असेल."

एका शब्दात त्यांनी स्वतःला सोडवलं आणि तिला अडकवलं. लाज वाटली, जेवण जाईना. पण तोंड काही उघडलं नाही. बहीण भेटेल त्याला सांगायची, मीच मारली माझी गाय. तिच्या मुलीने दुसरी गाय आणायचं काढलं, तर 'माझ्या हाताला जनावर लाभत नाही' म्हणून तिने विषयच तोडला.

असे दोन महिने गेले. एका सकाळी ती त्यांच्या दारात आली.

"रिकामा गोठा बघवत नाही रे दादा. तुझी कोकरं आणून बांध तिथे. तुझ्या हाताखाली जनावर सुखात तरी राहतं."

आता मात्र त्यांना राहवेना.

"वैरणीने नाही गेली गं ती. माझ्या कोकरांमुळे गेली."

"असू दे. तुला तरी काय ठाऊक असणार?"

खोटं बोलायला एवढी ऐसपैस वाट तिनेच करून दिली होती.

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "बांधतानाच ठाऊक होतं."

ती पायरीवर बसली.

"दोन महिने मी त्या गाईची रोज माफी मागतेय, दादा," ती म्हणाली. "तुझ्यादेखत."