दुपारी झोपून पाहिलेली घरं

आमच्या बाबांनी अस्तित्वातच नसलेल्या एका घरात शिरण्यापूर्वी चपला काढल्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं की माझी मे महिन्याची सुट्टी गेली. मी शाळेत गणित शिकवते. वर्षभर चाळीस पोरांवर ओरडल्यावर मला मे महिन्यात फक्त आंबे खाऊन गप्प पडायचं असतं. पण बाबांना घर घ्यायचं होतं. तेही तयार, ट्रकवरून येणारं.

कर्वेनगरची त्यांची सोसायटी गेल्या वर्षी पुनर्विकासाला गेली. तीन वर्षांत सातव्या मजल्यावर ताबा देऊ, असं बिल्डरने सभेत सांगितलं. बाबा उठून म्हणाले, "सातव्या? तीन वर्षांनी मी त्याच्याही बराच वर असेन. मला तळमजला द्या, म्हणजे निघताना तरी सोयीचं पडेल." बाबा एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. कुणी हसलं नाही. सचिवांनी ते इतिवृत्तात लिहून मात्र घेतलं.

आई गेल्यापासून ते एकटेच राहत होते, त्यामुळे ते माझ्याकडे राहायला आले याचा मला मनापासून आनंद झाला. तो आठवडाभर टिकला. कारण बाबा आमच्याकडे आले ते पाहुणे होऊन. "पंखा लावला तर चालेल ना?" असं विचारायचे. माझ्या नवऱ्याचं वाचून झाल्याशिवाय पेपरला हात लावायचे नाहीत. कपडे वाळत घालायच्या दोरीवर त्यांनी स्वतःसाठी दीड वीत जागा ठरवून घेतली होती, आणि तिच्याबाहेर त्यांचा रुमालसुद्धा कधी गेला नाही. सगळ्यात वाईट म्हणजे ते दुपारचे झोपेनात. ज्या माणसाने कारखान्याच्या टूलरूममधून पहिली पाळी करून आल्यावर चाळीस वर्षं न चुकता आडवं होण्याचं व्रत पाळलं, तो माणूस माझ्या हॉलमध्ये खुर्चीत ताठ बसून पेंगायचा. कुणी समोरून गेलं की दचकून म्हणायचा, "नाही नाही, जागा आहे."

"अहो बाबा, आत जाऊन पडा की जरा!"

"दुसऱ्याच्या घरी दुपारचं लोळू नये."

"दुसऱ्याचं? लेकीचं घर आहे हे!"

"तेच म्हणतोय."

असे आठ महिने गेले. मला इतका संताप यायचा की विचारू नका. खरं म्हणजे वाईट वाटायचं, पण मला वाईट वाटलेलंही रागासारखंच दिसतं, त्याला मी काय करू?

मग एका रविवारी बाबांनी जाहीर केलं, "मी धायरीला राहायला जातो." धायरीत शेतं होती त्या काळी आई-बाबांनी तिथे दोन गुंठे घेऊन ठेवले होते. आता चारही बाजूंना इमारती आणि मध्ये आमचं गवत. मी म्हटलं, तिथे घर कुठाय? त्यावर त्यांनी खिशातून जाहिरातींची कात्रणं काढली. घर कारखान्यात तयार होतं, क्रेनने उचलून चौथऱ्यावर ठेवतात, महिन्याभरात माणूस राहायला. "मला फार काही नको," ते म्हणाले, "स्वतःच्या घरात असावं, एवढंच."

मी लगेच हो म्हटलं. महापालिकेच्या परवानगीचंही मी बघते म्हटलं. इतकी गुणाची मुलगी मी एरवी नाही, म्हणून कबूल करते: मला खात्री होती की बाबांना एकही घर पसंत पडणार नाही. कुकरची रिंग तीन वेळा परत करून आलेला हा गृहस्थ, घर काय पसंत करतोय! आणि केलंच, तर परवानगी अडवायला महापालिका आहे. मला ते जायला नको होते. पाहुणे तर पाहुणे, पण माझ्याकडे हवे होते.

बाबांच्या परीक्षेत दोनच प्रश्न होते. पहिला, "तुम्ही बनवता की विकता?" दुसरा, "दुपारी आत झोपून बघू का?" त्यांचं म्हणणं, सकाळी दहा वाजता सगळीच घरं छान असतात. पत्र्याच्या घरात मे महिन्यात दुपारी दोनला आडवं व्हायचं, मग कळतं ते घर आहे की तवा. म्हणून आम्ही घर बघायला निघालो की सोबत चटई, उशी, भिंतीवरचं थर्मामीटर आणि त्यांची टूलरूमच्या दिवसांपासूनची घडीची स्टीलची पट्टी असायची. रिक्षावाला विचारायचा, "ॲडमिट करायचंय का?"

पहिला विक्रेता बाणेरला, काचेच्या ऑफिसात. एक चुणचुणीत तरुण म्हणाला, "सर, ॲक्च्युअली फिजिकल सॅम्पल नाहीये आपल्याकडे. पण आपण फुल वॉकथ्रू देतो." आणि त्याने बाबांच्या डोळ्यांवर कॉम्प्युटरमधलं घर दाखवणारा एक भलामोठा चष्मा चढवला. "आता डोअर ओपन झालंय सर. या आत." बाबांनी वाकून चपला काढल्या.

"सर, चपला राहू द्या ना."

"असं कसं? फरशी नवी दिसतेय."

मी तोंडावर पदर धरला. बाबा दोन्ही हात पुढे करून घरभर फिरले. भिंत तपासायला म्हणून त्यांनी त्या तरुणाचा गाल चाचपला आणि म्हणाले, "मऊ आहे." तो बिचारा हलला नाही, ट्रेनिंग चांगलं असावं. मग "समोर सोफा आहे सर" असं ऐकून बाबा म्हणाले, "बसून बघतो," आणि मी धावेपर्यंत बसलेसुद्धा. सोफा चष्म्यात होता. बाबा जमिनीवर होते.

"बसायला जरा खोल आहे," खालून आवाज आला.

उठवून खुर्चीत बसवल्यावर त्यांनी विचारलंच, "तुम्ही बनवता की विकता?"

"सर, आपण एक्सपीरियन्स देतो."

"तो मिळाला," बाबा कंबर चोळत म्हणाले.

दुसरा बायपासला, उघड्या माळावर. ओळीने कंटेनर, पुढे प्लॅस्टिकची हिरवळ, झोपाळा, आणि फोटो काढायला लाल बदामाची कमान. मालक मोठा दिलदार. झोपायचं ऐकून खूश झाला. "बिनधास्त झोपा की काका! घर हाय ते, झोपायलाच हाय!"

"बनवता की विकता?"

"आपण नुस्तं इकतो. बनतंय तिकडं गुजरातला."

"गुजरातला कुठे?"

"ट्रक तिकडनं येतोय," एवढ्या पत्त्यावर त्याचं समाधान होतं.

बाबांनी एसी बंद करायला लावला आणि आतल्या पलंगावर आडवे झाले. गादी होती म्हणून चटई मी हातातच धरून बसले; गादीवरचं प्लॅस्टिक मात्र कुणी काढलेलं नव्हतं. दहा मिनिटांत एक तरुण जोडपं घर बघायला आलं. मालकाला उत्साहाच्या भरात बाबांचा विसर पडला. "आणि हा तुमचा मास्टर बेडरूम!" म्हणून त्याने दार उघडलं, आणि ती मुलगी अशी किंचाळली की माझ्या हातातून चटई पडली.

बाबा डोळे न उघडता म्हणाले, "तुमचं चालू द्या. मी टेस्टिंगला आहे."

तो मुलगा मालकाला हळूच म्हणाला, "हे काका... रोज असतात का?"

बाबा उठले ते चर्रर्र आवाज करत. अर्धा शर्ट प्लॅस्टिकला चिकटला होता. त्यांनी थर्मामीटर बघितलं. आत बाहेरच्यापेक्षा पाच अंश जास्त. "यात पापड छान वाळतील," ते मालकाला म्हणाले, "माणूस नको." मला इतका आनंद झाला की परत येताना मी रसवंतीवर थांबून दोन ग्लास उसाचा रस प्यायले. बाबा माझ्याकडे संशयाने बघत होते.

तिसरा धायरीतच निघाला, आमच्या गवतापासून हाकेच्या अंतरावर. एक मोठी शेड, बाहेर लोखंडी सांगाडे, आणि कडेला एकच तयार घर. शुक्रवार होता, दुपारचे दोन वाजून गेले होते, आणि शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं. बाबांनी घराचं दार ढकललं. आतून कडी! मी आपली सवयीने टेबलावर डस्टर आपटावं तशी दारावर थाप मारली. बऱ्याच वेळाने दार उघडलं. पन्नाशीचे एक गृहस्थ, अंगात बनियन, गालावर चटईचे वळ.

"माफ करा," ते घाईघाईने शर्ट चढवत म्हणाले, "नमाज पढून आलो, जेवलो, नि जरा पडलो होतो."

"इथे?" बाबांनी विचारलं. "या घरात?"

"रोज इथेच. घरी नातवंडं झोपू देत नाहीत."

"एसी?"

"अहो, नाहीच लावलेला."

बाबांचा चेहरा असा उजळला की मी मनातल्या मनात महापालिकेचा धावा केला. तरी त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. ते गृहस्थ म्हणाले, "बनवतो. विकायचं अजून नीट जमत नाही." त्यांचे आजोबा मंडईजवळ पत्र्याच्या ट्रंका करायचे, वडिलांनी कपाटं केली, हे घरं करतात. "काम तेच आहे काका. पूर्वी आत कपडे असायचे, आता माणसं असतात." बाबांनी पट्टी काढून कोपरे मोजले, वेल्डिंगवरून अंगठा फिरवला, दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या त्या जाड भिंतीवर टकटक केलं. मग मालकांची चटई बाजूला सारून स्वतःची अंथरली, उशी ठेवली आणि आम्हा दोघांना म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा." कडी लागली.

बाहेर झाडाखाली मालकांनी मला स्टूल दिलं आणि मी उलटतपासणी सुरू केली. खोट काढायची असं मी ठरवूनच आले होते. गंज? "रंग देतो, वर्षाने येऊन बघतो." पाऊस गळला तर? "मला फोन करा." तुम्ही फोन उचलला नाही तर? "ही शेड पाहिलीत ना? येऊन दार वाजवा. मघाशी वाजवलंत तसं. मुडदासुद्धा उठेल." क्रेन गल्लीत वळेल का? "गल्ली आधी मोजीन." माणूस प्रत्येक प्रश्नाला इतकं सरळ उत्तर देत होता की मला चीड यायला लागली.

"आणि आवाज?" मी शेवटचं हत्यार काढलं. "तिथे शेजारी डीजे लावतात."

"दार लावलं की आतलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. ती माझी गॅरंटी."

तेवढ्यात आतून आवाज आला. आधी बारीक, मग चढावर घातलेल्या जुन्या स्कूटरसारखा घरघरत वर वर गेला, माथ्यावर क्षणभर बंद पडला, आणि फर्रकन खाली उतरला. बाबा घोरत होते.

मी टुणकन उठलेच. "हे काय? हे येतंय की बाहेर! कुठे गेली गॅरंटी?"

त्यांनी मान वाकडी करून गंभीरपणे ऐकलं. "खिडकी उघडी असेल." आम्ही दोघं मागे जाऊन बघून आलो. खिडकी गच्च बंद होती. ते खजील झाले. "मग काकाच जोरात घोरतात हो. नेहमी असंच का?"

"नेहमीच," मी म्हणून गेले, आणि मग माझ्या लक्षात आलं. माझ्या घरात आठ महिन्यांत हा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता. दुपारी नाहीच, रात्रीसुद्धा नाही. म्हणजे झोपेतही हा माणूस स्वतःला आवरून धरत होता. लेकीच्या घरी घोरू नये म्हणून!

मी त्या परक्या माणसासमोर ढसाढसा रडले. ते उठून शेडच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि एक सांगाडा उगीचच मोजत बसले. मी नाक पुसलं आणि तिकडे जाऊन म्हटलं, "ऑर्डर लिहून घ्या. पुढच्या आठवड्यात महापालिकेत जाते मी. खरंच जाते."

"काकांना उठवून विचारू या ना?"

"खबरदार उठवाल तर!"

त्यांनी वही काढली. दार कुठल्या अंगाला, खिडक्या किती, पायरी किती उंच, सगळं मीच सांगितलं. पायरी बुटकी हवी. दाराशी हाताला धरायला कठडा हवा. भिंती आहेत त्याहून जाड नकोत, काय येतोय तो आवाज येऊ दे. हे शेवटचं त्यांनी निमूटपणे लिहून घेतलं. आतली स्कूटर दीड तास चालू होती.

साडेचारला ती थांबली. कडी वाजली. मी जाऊन दार ढकललं. बाबा चटईवर मांडी घालून बसले होते, केस उभे, एका गालावर उशीची शिवण उमटलेली. त्यांनी चटई गुंडाळली नाही, दचकले नाहीत, जागा असल्याचं सांगितलं नाही. मला बघून जरा सरकले आणि शेजारी हात थोपटला.

"ये गं, बस," ते म्हणाले. "चहा टाकतो."

त्या घरात शेगडी नव्हती. ओटा नव्हता, नळ नव्हता, पाण्याचा थेंब नव्हता.

मी बसले. म्हटलं, "टाका. साखर कमी."